सहा महिने, अधिक धरून

कुलूप नीट लागलंय का, ते एकदा परत जाऊन बघावं असं हनुमान जयंतीच्या सकाळी मला वाटलं, आणि तिथून पुढचं सगळं रामायण घडलं.

तसं मी ते दोनदा ओढून बघितलं होतं. पण मी पडलो आवक-जावकचा कारकून. बेळगावातल्या एका निमसरकारी कचेरीत सव्वीस वर्षं लोकांचे अर्ज घेतो, तारीख तपासतो, शिक्का मारतो. दोनदा बघितलेली गोष्ट तिसऱ्यांदा बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. वसुधा, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली, "अहो, लागलंय. मी बघितलंय." मी म्हणालो, "तू इथंच थांब, आलोच."

ती गल्लीच्या कोपऱ्यावर थांबली, हातात नारळाची पिशवी घेऊन. मी माघारी जाऊन कुलूप ओढलं. लागलेलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या मंगल कार्यालयाच्या फाटकातून एक मोटार मागं मागं आली, आणि चालवणाऱ्यानं मागं काही बघितलं नाही.

वसुधाच्या उजव्या खांद्याचं हाड आणि उजवं मनगट. ऑपरेशन झालं, सळी बसली, गळ्यात पट्टा आला. डॉक्टर म्हणाले, "सहा महिने या हातानं काही उचलायचं नाही." वसुधा त्यानंतर कुलपाबद्दल मला एक अक्षर बोलली नाही. नारळाची पिशवी कुठं गेली ते विचारलं, पोलिसांना जबाब दिला, पण कुलूप हा शब्द तिनं काढला नाही. चांगली भांडली असती तर मला रात्री झोप तरी लागली असती.

पहिला आठवडा घर मी चालवलं. (चालवलं म्हणजे दुधाची तीन पातेली जाळली आणि चौथं शेजारून मागून आणलं.) आठव्या दिवशी मेव्हणा सूरज निपाणीकडच्या बोरगावाहून गाडी घेऊन आला. माझ्या हातच्या खिचडीचे दोन घास त्यानं खाल्ले, ताट बाजूला सारलं आणि बहिणीची बॅग भरायला लागला.

जाताना वसुधा दारात थांबली. म्हणाली, "सहा महिन्यांनी येते. काय अडलं तर कॅलेंडर बघा."

आमच्या घरचा सगळा कारभार स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर चालतो. गॅसचा नंबर कधी लावला, दूध किती दिवस घेतलं नाही, कुणाचं बारसं, कुणाची मुंज, सगळं वसुधा त्या चौकोनांत बारीक अक्षरात लिहिते. वर्षाच्या सुरुवातीलाच पुढच्या गोष्टीही टिपून ठेवते. ती गेल्यावर मी रोज चहा पिता पिता ते कॅलेंडर वाचायला लागलो. मे महिन्यात एका चौकोनात 'आंब्याची पेटी' असं होतं. मी पेटी आणली आणि तिच्यासमोर एकटाच बसून राहिलो. एक आंबा खाल्ला, बाकीचे शेजारी वाटून टाकले.

आता सहा महिने कधी होतात, ते मी मोजलं. हनुमान जयंती म्हणजे चैत्री पौर्णिमा. वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन. बोटावर बरोबर सहा. आश्विनी पौर्णिमा म्हणजे कोजागरी. मला इतका आनंद झाला की मी ऑक्टोबरचं पान काढून त्या चौकोनाभोवती तांबड्या पेनानं गोल केला आणि आत 'वसुधा' असं लिहिलं. दर कोजागरीला आम्ही दोघं गच्चीवर मसाला दूध घेऊन बसतो. माझ्या पेल्यात चारोळ्या जास्त असतात. मी तसं म्हटलं की ती म्हणते, "कायतरीच, सारख्याच आहेत." सव्वीस वर्षं हेच चाललंय, आणि मला दुसरं काही नकोच होतं.

त्याच आठवड्यात माझा शाळेतला सोबती नागेंद्र वकील यानं मला बोलावून घेतलं. घरात कन्नड, कोर्टात इंग्रजी आणि माझ्याशी मराठी असा त्याचा हिशेब आहे. म्हणाला, "श्रीपादराव, अपघाताचा क्लेम सहा महिन्यांच्या आत दाखल व्हायला लागतो. नवीन कायदा आहे. मुदत गेली की गेलं. फाईल आणून द्या."

"देतो की," मी म्हणालो.

सहा महिनेच ना? दिवस तोच, महिने तेवढेच. मी घरी येऊन त्याच तांबड्या गोलात वसुधाच्या नावाखाली 'केस' असं लिहून टाकलं. एका चौकोनात दोन्ही कामं बसली म्हणून मी स्वतःवर खूषही झालो.

तो क्लेम मला हवाच होता. सळी काढायचं दुसरं ऑपरेशन बाकी होतं, ते तर होतंच. पण खरं सांगायचं तर कुलूप बघायला माघारी गेलेल्या माणसाला निदान एक काम वेळेत जमलं, एवढं मला तिला दाखवायचं होतं. म्हणून मी फाईल अशी तयार करायला घेतली की कोर्टानं उभं राहून बघावी. पान नंबर, अनुक्रमणिका, चौदा रंगीत चिठ्ठ्या. नागेंद्रचा पंधरा दिवसांनी फोन यायचा, "एन्री, काय हो, फाईल?" मी म्हणायचो, "अजून पुष्कळ वेळ आहे."

रोज संध्याकाळी सातला मी बोरगावला फोन करायचो. फोन सासूबाईंचा, तोही सोप्यात, सगळ्यांच्या मधे.

"जेवलात?" वसुधा विचारायची.

"जेवलो. हात कसा आहे?"

"आहे."

"बरं."

"हं."

त्या एका 'हं'साठी मी दिवसभर थांबलेला असायचो. एकदा धीर करून म्हणालो, "कोजागरीला..." तिकडून ती म्हणाली, "कोजागरीचं काय?" मागं सासूबाईंच्या खोकल्याचा आवाज आला. मी म्हणालो, "काही नाही. ढग असतात म्हणे यंदा."

मधे अधिक महिना आला. त्या वर्षी श्रावण दोन होते. अधिकात जावयाला वाण देतात, तसं बोरगावचं बोलावणं आलं. मी गेलो, पाटावर बसलो, तेहेतीस अनारशांचं वाण घेतलं. वसुधा डाव्या हातानं मला वाढत होती, आणि घरातली अकरा माणसं मी काय खातो ते बघत होती. आम्ही एकमेकांशी सहा शब्द बोललो, त्यातले चार मिठाबद्दल. परतताना एस.टी.त डबा मांडीवर घेऊन मी सगळा वेळ तिचा डावा हात आठवत बसलो. अख्खा अधिक महिना मी असा अनारशांबरोबर खाऊन टाकला, आणि डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

तो पडला ऑक्टोबरच्या पाच तारखेला, गुरुवारी, दुपारी बाराला. गुंजीचा महादेव नावाचा शेतकरी माझ्या टेबलाशी आला. त्याला आमच्या कचेरीचं एक पत्र मिळालं होतं, त्याला उत्तर सहा महिन्यांत द्यायचं होतं. मी पत्राच्या पोचेची तारीख बघितली, तीस मार्च.

"मुदत संपली," मी कागद परत सरकवला.

"कशी संपली, साहेब?" महादेव म्हणाला. "रामनवमीला कागूद मिळालाय मला. खंडेनवमी अजून लई लांब हाय. मोजा की. सहाच महिने हुतात."

"तसं मोजायचं नसतं."

"अवो, यंदा अधिक न्हवता काय? त्यो धरला न्हाय तुमी."

मी चष्मा काढला. अशा वेळी मी चष्मा काढतो, त्याचा लोकांवर परिणाम होतो. म्हणालो, "हे बघा, सरकारला अधिक महिना नसतो. तुम्ही पौर्णिमा ते पौर्णिमा मोजत बसाल, पण कायदा तारीख बघतो. तीस मार्च ते तीस सप्टेंबर. शिकलेली माणसंसुद्धा ही चूक..."

पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. हनुमान जयंतीला तारीख होती सहा एप्रिल. आज पाच ऑक्टोबर.

"साहेब, पानी आणू काय?" महादेवनं विचारलं.

मी पाणी प्यालो. मग त्याचा कागद ओढून घेतला आणि विलंब माफीचा अर्ज माझ्या हातानं त्याला लिहून दिला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. तो बिचारा दोनदा पाया पडायला वाकला, आणि त्याला कसं सांगायचं की पाया मीच पडायला पाहिजे होतं.

नागेंद्रला फोन केला. "अपघात कधी झाला?" त्यानं विचारलं. "हनुमान जयंतीला," मी म्हणालो. "ते मारुतीला सांगा, मला तारीख सांगा." मी सांगितली. तिकडं पानं उलटल्याचा आवाज आला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "उद्या शेवटचा दिवस. आत्ता फाईल आणा. आणि उद्या वसुधा आक्कांना घेऊन चारच्या आत माझ्याकडं या. सही माझ्यासमोर व्हायला पाहिजे."

अर्धी रजा टाकून फाईल नेऊन दिली. त्यानं माझ्या चौदा चिठ्ठ्या सटासट उपटून काढल्या. (मला ते बघवलं नाही.) "एक्स-रे कुठाय?" एक्स-रेचं पाकीट घरी कपाटावर होतं. "उद्या आणा," तो म्हणाला.

संध्याकाळी बोरगावला फोन लावला तर सासूबाईंनी घेतला. रुक्माबाई म्हणजे तिथलं हायकोर्टच.

"उद्याच्याला कोर्टात? वसूला?" त्या म्हणाल्या. "उद्या अष्टमी हाय. ह्यांची तिथी. पितृपंधरवड्यात नवा कागूद करत न्हाईत, जावईबापू. पुढच्या म्हयन्यात बघू."

"पुढच्या महिन्यात मुदत नाही हो."

"मग सर्वपित्री झाल्यावर या," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी साडेपाचला मी निघालो. कुलूप लावलं, तीनदा बघितलं. किल्ली खिशातून पडेल म्हणून एक्स-रेच्या पाकिटात टाकली, कारण ते पाकीट हातातून सोडायचं नाही असं ठरवलं होतं. निपाणीची बस धरली, तिथून बोरगावची. साडेनऊला पोचलो तर श्राद्धाची तयारी चाललेली. वसुधा माजघराच्या दारात उभी होती. गळ्यातला पट्टा सुटलेला होता. तिनं माझ्याकडं बघितलं, पाकिटाकडं बघितलं, आणि आत गेली. मला वाटलं, रागावली.

विधी साडेबाराला आटोपले. पान वाढून परड्यातल्या भिंतीवर ठेवलं आणि सगळे कावळ्याची वाट बघायला लागले. रुक्माबाईंचा नियम असा, की कावळा शिवल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. कावळा होता. शेजारच्या कौलावर बसला होता आणि दुसरीकडं बघत होता.

"ह्यांच्या मनात कायतर अडलंय," रुक्माबाई म्हणाल्या.

सूरजनं हात जोडले. "आप्पा, विहिरीची मोटर दुरुस्त करतो." कावळा हलला नाही. रुक्माबाई म्हणाल्या, "तुमची काठी कुनाला दिऊन टाकत न्हाई." नाही. पाऊण वाजला. मी घड्याळ बघत होतो, सूरज मी घड्याळ बघतो ते बघत होता. एक वाजून पाच मिनिटांनी रुक्माबाई माझ्याकडं वळल्या.

"जावईबापू, तुमी बोला."

मी पुढं झालो. म्हणालो, "मामा, केस आज दाखल करतो." कावळ्यानं चोच पुसली. "वेळेत करतो." काही नाही. अकरा माणसं माझ्याकडं बघत होती, आणि बेळगावचं कोर्ट ऐंशी किलोमीटरवर होतं. मग माझं काय झालं कुणास ठाऊक, मी एकदम बोलायलाच लागलो.

"मामा, त्या दिवशी कुलूप लागलेलं होतं. मी उगाच माघारी गेलो. हिचा हात माझ्यामुळं गेला. हिला आज घरी न्यावी असं वाटतंय. घरात नुसतं कॅलेंडर वाचतो मी. करमत न्हाई हो मला हिच्याशिवाय."

(एरवी मी 'नाही' म्हणतो. सासऱ्यांशी बोलताना 'न्हाई' झालं.)

कावळा उडाला, पानावर बसला, आणि भाताला न शिवता उडदाचा वडा घेऊन गेला. वसुधा खाली बघून डाव्या हातानं पदर सारखा करत होती. रुक्माबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "ह्यांनी सांगितलं. आता थांबू नगा, जावा."

सूरजनं गाडी काढली. वसुधा आत जाऊन बॅग घेऊन आली. दोन मिनिटांत एवढी बॅग कशी भरली, हा प्रश्न मला तेव्हा पडायला पाहिजे होता. नाही पडला.

सव्वातीनला आम्ही नागेंद्रच्या ऑफिसात. त्यानं कागद मांडले, शाईचा पॅड उघडला. "आक्का, उजवा हात चालत नाही ना? डाव्या अंगठ्याचा ठसा द्या. आयतु, झालं काम."

"अंगठा?" वसुधा म्हणाली. "एकवीस वर्षं प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी शिकवलीय मी. मी सही करणार."

"वेळ नाही आक्का."

"पेन द्या."

तिनं बॅगेतून एक वही काढून आधाराला कागदाखाली घेतली, आणि डाव्या हातानं सावकाश सही केली. सौ. वसुधा श्रीपाद देसूरकर. सुबक, गोल, पहिलीच्या पुस्तकातल्यासारखी. अशा अकरा सह्या. मी घड्याळाकडं बघायचं नाही म्हणून वही उचलून चाळायला लागलो. सहा महिने ती डाव्या हातानं अक्षर गिरवत होती. पहिल्या पानांवर वेडीवाकडी बाराखडी, मग नुसती सही, आणि मग ओळी. 'बनियन उलटी करून वाळत घाला.' दहा वेळा. 'तुळशीला पाणी घातलं का?' दहा वेळा. 'दूध उतू जाताना बाजूला उभं राहावं.' 'जेवलात म्हणता, पण काय जेवलात?' शेवटच्या पानांवर एकच ओळ होती, ती किती वेळा ते मी मोजलं नाही. 'न्यायला केव्हा येणार?'

मी वही मिटली. चष्मा काढला. या वेळी कुणावर परिणाम व्हावा म्हणून नव्हता काढला.

कोर्टाच्या खिडकीत बसलेला कारकून थेट माझ्यासारखा होता. प्रत्येक पान दोनदा बघायचा. "पान अठराचा नंबर खोडलाय. तिथं इनिशियल?" वसुधानं केलं. "जोडपत्र सात?" नागेंद्रनं माझ्या हातातलं एक्स-रेचं पाकीट ओढून आत सरकवलं. त्या माणसानं पाकिटावरचं नाव तिसऱ्यांदा वाचलं, आणि एवढी वर्षं लोक माझ्याकडं असं का बघत आले ते मला कळलं. चार चाळीसला शिक्का पडला. सहा ऑक्टोबर.

बाहेर आलो. मी वसुधाला विचारलं, "आता... कोजागरीपर्यंत बोरगावलाच राहणार ना?"

"कोजागरीचं काय आहे?" ती म्हणाली. "डॉक्टर सहा महिने म्हणाले होते. ते आज झाले. कालच बॅग भरून ठेवली होती मी. सकाळी तुम्ही दारात दिसलात तर वाटलं, बरं झालं, लक्षात ठेवून न्यायला आले. बघते तर हातात एक्स-रे."

"पण अधिक महिना..."

"डॉक्टर कुठं अधिक महिना धरतात?"

म्हणजे आज ती येणारच होती. मीच तिला मनातल्या मनात तीन आठवडे जास्त माहेरी ठेवली होती.

सूरज आम्हाला दारात सोडून परत फिरला. मी खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग मला जोडपत्र सात आठवलं.

"किल्ली?" वसुधानं विचारलं.

"दाखल झाली," मी म्हणालो. "कोर्टात. एक्स-रेच्या पाकिटात. आता सोमवारी अर्ज करावा लागेल."

आम्ही पायरीवर बसलो. शेजारच्यांनी विचारलं, वसुधावहिनी आल्या काय, तर मी हो म्हणालो, आणि ते म्हणताना इतकं बरं वाटलं की कुलपाचं मला काहीच वाटेना. खरं तर मी सोमवारपर्यंत तिथं आनंदानं बसलो असतो.

वसुधा मात्र उठली. "ओढून तरी बघितलंत?"

"सकाळी तीनदा बघितलंय," मी म्हणालो.

तिनं डाव्या हातानं कुलूप ओढलं. ते उघडून तिच्या हातात आलं. तिसऱ्यांदा मी ते बहुतेक किल्ली घालून, उघडूनच बघितलं असणार.

वसुधा एकदा कुलपाकडं आणि एकदा माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी लागलेलं होतं, तर बघायला माघारी गेलात. आज सताड उघडं टाकून ऐंशी किलोमीटर गेलात. मी त्या दिवशी काय सांगत होते, लागलंय म्हणून? ऐकलंत? कधी ऐकता तुम्ही?"

सहा महिन्यांत ती कुलपाबद्दल पहिल्यांदा बोलली, आणि सुरू झाली ती थांबेचना. आत जाता जाता बोलली, जळकी पातेली बघून बोलली, कॅलेंडरवरचा तांबडा गोल बघून तर फारच बोलली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून एकेक शब्द ऐकत होतो, आणि मला इतकं सुख झालं होतं की मधे मी एकदाच विचारलं, "दूध तापवू का गं?"

"तुम्ही पातेल्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "जा, कुलूप तेवढं आत आणून ठेवा. आणि ठेवलंय का ते परत बघायला जाऊ नका."